शेवटच्यांपासून सुरुवात: दिंडोरी रोडवरच्या एका घरसभेत मत्तयाचा विसावा अध्याय

नाशिकमध्ये लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, आणि द्राक्षांची खुडणी एकाच सुमारास येतात. चर्चमध्ये उपवास आणि पश्चात्तापाचे पाठ चालू असतात, आणि त्याच आठवड्यांत दिंडोरी, मोहाडी, जानोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात क्रेटने भरलेल्या गाड्या पॅकहाऊसकडे निघालेल्या असतात. अशाच एका लेंटमध्ये, दिंडोरी रोडच्या बाजूला भरणाऱ्या आमच्या बुधवारच्या घरसभेत, मत्तयाच्या शुभवर्तमानातला २०:१–१६ हा उतारा वाचायला घेतला. येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला: मालक दिवसातून पाचदा मजूर आणतो आणि संध्याकाळी पहाटे आलेल्यांना व शेवटी आलेल्यांना सारखंच एकेक नाणं देतो. त्या वाचनातून एक जुनी उधारी बाहेर आली आणि सभेतल्या दोन माणसांना एकमेकांसमोर बसून तिचा निकाल लावावा लागला. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं टाळली आहेत.

हे लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं. लिबरेशन थिऑलॉजी, म्हणजे मुक्तीचं ईश्वरविज्ञान, बायबल गरिबांच्या जागेवरून वाचणारा ख्रिस्ती विचार, हा विषय मराठीत निघाला की चर्चा लगेच मार्क्स आणि रोम (कॅथलिक चर्चचं केंद्र) यांच्या भांडणाकडे वळते. कोलंबियातल्या मेदेयिन शहरात १९६८ साली लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांची परिषद झाली, १९७१ मध्ये पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेस यांच्या पुस्तकाने या विचाराला नाव मिळवून दिलं, एवढा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. पण लॅटिन अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधली माणसं बायबल उघडून नेमकं काय करत होती? निकाराग्वाच्या मोठ्या सरोवरातल्या सोलेन्तिनामे बेटांवर कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल रविवारी प्रवचनाऐवजी कोळी आणि शेतकऱ्यांबरोबर शुभवर्तमानावर संवाद करत, ते कसं चालायचं? ब्राझीलमध्ये बायबल अभ्यासक कार्लोस मेस्तर्स यांनी वचन, मंडळी आणि रोजचं जगणं असे वाचनाचे तीन कोन सांगितले. त्यातला एक कोन गळाला की काय बिघडतं? याची उत्तरं एखादा प्रसंग जवळून पाहिल्याशिवाय मिळत नाहीत.

सभेतली माणसं

सभा एका निवृत्त सिस्टरच्या घरी भरते. सरकारी दवाखान्यात त्यांची नोकरी झाली. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या घराण्याची मुळं शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वसाहतीत आहेत, जिथे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही शिकली. तिसरे नाना, दिंडोरी तालुक्यातले बागाईतदार, बाग लहानच, पण सगळी कर्जावर उभी. सातपूर एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेला एक तरुण येतो. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच सुरगाण्याच्या एक ताई येऊ लागल्या. त्या कोकणा समाजातल्या, गावाकडे त्यांची छोटी मंडळी आहे. हंगामात टोळीबरोबर खाली येतात आणि बागेतल्या शेडमध्ये राहतात. टोळी नानांच्याच बागेवर होती. सभेचा पत्ताही त्यांना नानांनीच दिला होता.

बसण्याची रीत सांगायला हवी, कारण पुढे ती बदलली. गुरुजी आणि नाना खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर, ताई दाराजवळ चपलांच्या कडेला. कोणी त्यांना तिथे बस म्हणालं नव्हतं.

सभा मी घेते. ‘याचा अर्थ काय’ असं मी सुरुवातीला विचारत नाही. तो प्रश्न आला की ज्याने जास्त प्रवचनं ऐकली आहेत तो बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. मी विचारलं: कोण, कुठे, किती वाजता उभा आहे?

पहिलं वाचन

तरीही सुरुवात गुरुजींनीच केली, आणि ते योग्यच झालं. मालक म्हणजे देव, नाणं म्हणजे तारण, उशिरा आलेले म्हणजे मागाहून विश्वासात आलेले. देवाची कृपा कष्टांच्या हिशेबाने मिळत नाही. ही मांडणी जुनी आहे आणि मजकुरात तिला भक्कम आधार आहे. दाखल्याच्या आधीच, एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी, शिष्य पेत्र येशूला विचारतो की आम्ही सर्वस्व सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? ‘पहिले ते शेवटचे’ हे वाक्य त्या प्रश्नाच्या उत्तरात येतं आणि दाखल्याच्या अखेरीस पुन्हा येतं. म्हणजे दाखला आधी शिष्यांच्याच ज्येष्ठतेच्या हक्काला हात घालतो. मुक्तीच्या अंगाने वाचणाऱ्यांनी हा संदर्भ झटकून टाकला तर त्यांचं वाचन कच्चं राहतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सातपूरचा तरुण म्हणाला, “मालक पाचदा नाक्यावर का येतो? सकाळी, नऊला, बाराला, तीनला आणि परत पाचला. काम एवढं होतं तर सकाळीच माणसं का नाही घेतली?”

नानांनी बागाईतदार म्हणून उत्तर दिलं. “खुडणीत असंच होतं. व्यापारी म्हणतो उद्या गाडी लावतो, आणि दुपारी फोन येतो की आजच भरायची. वर ढग दिसले तर विचारूच नका. मणी तडकायच्या आत माल काढावा लागतो. माणसं मिळतील तशी आणायची.”

घर हसलं, कारण खरं होतं. एरवी आम्ही या मालकाला सिंहासनावर बसवून वाचतो. त्या संध्याकाळी तो घामाघूम होऊन फेऱ्या मारणारा बागवाला झाला. कारभारी हाताशी असताना तो स्वतः नाक्यावर का जातो, हा प्रश्नही लगोलग निघाला. त्यावर एकमत झालं नाही.

ताई तोपर्यंत गप्प होत्या. सिस्टर म्हणाल्या, “ताई, तुम्ही रोज बागेत असता, तुम्ही सांगा की.” त्यांनी जे विचारलं त्यावर पुढची सगळी चर्चा उभी राहिली.

“पाच वाजेपर्यंत नाक्यावर कोण उरतं, ते कोणीच नाही बोललं.”

मग त्याच सांगत गेल्या. विरळणीला घडातले नको ते मणी कात्रीने काढायचे असतात. मान वर, हात वर, दिवसभर मांडवाखाली. डोळा चांगला आणि हात चपळ लागतो, म्हणून सकाळी तरण्या पोरी आधी उचलल्या जातात. मग जोडप्यानं आलेले. कडेवर तान्हं असलेली मागे राहते. म्हातारी राहते. ज्याला खोकला आहे तो राहतो. “ती माणसं आळशी नसतात. पहाटे भाकऱ्या बांधूनच आलेली असतात. कोणी लावलं नाही म्हणतात, ते खरंच असतं.”

या दाखल्यावर मी आजवर अनेक प्रवचनं ऐकली. पाच वाजता उभे असलेले लोक ‘रिकामे’ का होते याचा ठपका बहुतेक वेळा त्यांच्यावरच येतो. मजकूर काय सांगतो? मालक विचारतो की दिवसभर रिकामे का उभे आहात. ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. मालक ते उत्तर खोडत नाही. तुम्हीही मळ्यात जा, एवढंच म्हणतो. सातव्या ओवीतला हा साक्षीपुरावा कायम तिथेच होता. नाक्यावर उभं राहिलेल्या बाईने बोट ठेवल्यावर तो आम्हाला दिसला. गरिबांच्या जागेवरून वाचायचं म्हणजे मजकुरात नसलेलं काही आत घालायचं, हा आक्षेप मी वारंवार ऐकते. इथे उलट झालं होतं. नसलेला आळस आम्ही आत घातला होता आणि ताईंनी तो बाहेर काढला.

बरोबरीचा राग

पुढच्या बुधवारी अकराव्या आणि बाराव्या ओवीवर थांबलो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. त्यांची मजुरी कापलेली नाही, ठरलं होतं तेवढं मिळालं आहे. त्यांची तक्रार आहे की शेवटच्यांना तुम्ही आमच्या बरोबरीचं केलंत.

गुरुजी बराच वेळ या ओवीवर बोलले आणि ते ऐकण्यासारखं होतं. शरणपूर रोडवरून निघून पंचवटीत काळाराम मंदिरापर्यंत रोज हजारो माणसं जातात. २ मार्च १९३० रोजी तिथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे नेटाने चालवला. “आत जाणाऱ्यांचं काही कमी होणार होतं का?” गुरुजी म्हणाले. “देव तेवढाच राहणार होता. राग बरोबरीचा होता.” आणि मग आवाज खाली आणून: “आमच्या चर्चमध्येसुद्धा पूर्वी कोण कुठल्या बाकावर बसणार हे ठरलेलं असायचं.”

हे गुरुजींनी म्हणावं याला वजन होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अरविंद निर्मल यांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधून जो दलित ईश्वरविज्ञानाचा विचार पुढे आणला, त्यात जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २६ व्या अध्यायातली कबुली केंद्रस्थानी आहे: आमचा मूळपुरुष भटकणारा अरामी होता, आम्हाला छळलं गेलं, आम्ही आक्रोश केला. निर्मल यांचा आग्रह असा की लॅटिन अमेरिकेतला वर्गाचा हिशेब भारतात जसाच्या तसा लावला तर जात निसटते. मत्तयाची बारावी ओवी नाशिकमध्ये वाचताना हे नेमकं पटतं. पैशाचा प्रश्न सुटला तरी बरोबरीचा प्रश्न उरतो.

सातपूरच्या तरुणाला वेगळंच दिसलं. त्याच्या शॉपमध्ये कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच मशीनवर असतात, पगार वेगळा, कॅन्टीनचं कूपन वेगळं. “पण ते कायमवाले आमचे वैरी नाहीत,” तो म्हणाला. “दाखल्यातले पहिले लोकपण मजूरच आहेत ना? बारा तास उन्हात राबलेत. त्यांचं पण कोणीतरी ऐकलं पाहिजे.” हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. मुक्तीच्या वाचनात घाईने नायक-खलनायक ठरवले की मजूर मजुराविरुद्ध उभा राहतो, आणि मालकाकडे कोणी पाहतच नाही.

मालकाकडे ताईंनी पाहिलं. “आम्ही उक्तं घेतो तेव्हा एकराचे पैसे एकत्र येतात. टोळीत सारखे वाटतो. एखादी दिवस गेलेली असते, तिचं काम कमी होतं, तिलाही तेवढेच. ते आमचं आम्हीच ठरवतो. इथे सगळं मालकाच्या मनावर का?”

अमेरिकन अभ्यासक विल्यम हर्झॉग यांनी १९९४ मध्ये साधारण हाच प्रश्न अभ्यासकाच्या भाषेत विचारला होता. त्यांच्या मते हा मालक देव नसून रोजच्या जगातला जमीनदार आहे, आणि ‘माझ्या वस्तूंचं मी हवं ते करीन’ हे त्याचं वाक्य जमिनीच्या मालकीवरचा आंधळा दावा आहे. लेवीय २५:२३ मध्ये तर देव म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे कुळं म्हणून राहता. मला हर्झॉग यांचं वाचन पूर्ण मान्य नाही. मत्तय हा दाखला स्वर्गाच्या राज्यासारखा म्हणून सांगतो, ती चौकट बाजूला काढल्याशिवाय ते उभं राहत नाही. पण ताईंचा प्रश्न त्याने मिटत नाही. राज्य त्या मालकासारखं आहे की त्या संध्याकाळच्या वाटपासारखं? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. तसं वाटप ताईंच्या टोळीत मालकाशिवाय होत होतं.

एका नाण्याची किंमत किती, असं सिस्टरनी विचारलं. ते साधारण एका दिवसाची मजुरी. प्रकटीकरण ६:६ मध्ये दुष्काळाचा भाव सांगितला आहे: एका नाण्याला शेरभर गहू. म्हणजे दिवसभराच्या मजुरीत एका माणसाचं पोट, घरच्यांचं नाही. त्याच ओवीत पुढे हुकूम आहे की तेल आणि द्राक्षारस यांची नासाडी करू नका. ताई पटकन म्हणाल्या, “उन्हाळ्यात बागेला टँकर येतो. आमच्या पाड्यावर बाया झऱ्यावर रात्र काढतात.” नाना म्हणाले, “टँकर विकत घेतो मी, व्याजाने पैसे काढून.” दोन्ही खरं होतं.

उधारी

यानंतरच्या सभेत मी मजुरीबद्दलचे जुन्या करारातले उतारे घेतले. लेवीय १९:१३: मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. अनुवाद २४:१४–१५: गरीब मजूर, मग तो भाऊबंद असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, नाहीतर तो परमेश्वराकडे गाऱ्हाणं करेल. मत्तयाचा मालक संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावतो तो याच नियमाने.

वाचून झाल्यावर ताई म्हणाल्या, “आमचे विरळणीचे पैसे डिसेंबरपासून राहिलेत.” कोणाकडे, ते त्यांनी सांगितलं नाही.

नाना म्हणाले, “माझ्याकडेच.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या तोडीचा माल एका बाहेरच्या व्यापाऱ्याने भरला, थोडे रोख दिले आणि बाकीचा चेक. चेक वटला नाही, फोन बंद झाला. द्राक्षपट्ट्यात हा प्रकार नवा नाही. व्यापारी माल उचलून गायब झाल्याच्या तक्रारी हंगामागून हंगाम येतात. नानांनी औषधवाल्याला अर्धे दिले, कारण पुढची फवारणी अडली असती. बँकेचा हप्ता भरला. मुकादमाला थोडी उचल दिली. टोळीला म्हणाले, खुडणी झाली की देतो.

इथे दोन सोप्या वाटा समोर होत्या. कृपेची भाषा करून समेट घडवायचा: नाना, मन मोठं करा, ताई, माफ करा. किंवा नानांना अहाब, म्हणजे नाबोथाचा मळा बळकावणारा बायबलमधला राजा, ठरवून मोकळं व्हायचं. दुसऱ्या वाटेचा मोह मलाही होता, कारण याकोब ५:४ समोरच होतं: तुमची शेतं कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे. पण त्या ओवीत नाना दोन्हीकडे बसत होते, मजुरी अडकवणारे आणि स्वतःचे पैसे बुडालेले. गुरुजींनी तोडगा शोधला नाही, त्यांनी फक्त आठवी ओवी पुन्हा वाचली. मालक कारभाऱ्याला सांगतो की शेवटच्यांपासून सुरुवात करून पहिल्यांपर्यंत मजुरी दे.

आम्ही हा क्रम नेहमी कथेची युक्ती म्हणून वाचतो: पहिल्यांनी शेवटच्यांचं नाणं पाहावं म्हणून. त्या खोलीत तो पैसे चुकते करण्याचा क्रम म्हणून ऐकू आला. नानांकडे पैसे आले ते बँक, औषधवाला, मुकादम, टोळी अशा ओळीने खाली सरकत गेले आणि टोळीपर्यंत पोहोचण्याआधी संपले. ओळ नानांनी दुष्टपणाने लावली नव्हती. जो जास्त जोरात मागू शकतो तो आधी, या रिवाजाने ती आपोआप लागली होती. दाखला ती ओळ उलटी करतो. या प्रकरणातून मला मिळालेली सर्वात मोलाची गोष्ट ही, आणि ती कुठल्या ग्रंथातून आलेली नाही.

आक्षेप

नंतर मंडळीतल्या काहींनी मला सुनावलं की तुम्ही वचनाची खतावणी करता, पापाची क्षमा कुठे गेली? आक्षेप हलका नाही. रोमच्या विश्वास-सिद्धांत विभागाने, कार्डिनल रात्सिंगर प्रमुख असताना, ६ ऑगस्ट १९८४ च्या सूचनापत्रात हाच इशारा दिला होता: तारणाचा अर्थ फक्त राजकीय मुक्तीपुरता आक्रसू नका, वर्गसंघर्षाच्या चष्म्यातून शास्त्र वाचू नका. आमची मंडळी प्रोटेस्टंट, ते पत्र आम्हाला बंधनकारक नाही, पण मुद्दा मुद्दाच आहे. त्याच पत्रात अन्यायातून सुटण्याची माणसाची आस खरी आणि योग्य मानली आहे, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. १९९३ मध्ये कॅथलिक चर्चच्या बायबल आयोगाने बायबलच्या अर्थनिर्णयावर दस्तऐवज काढला, त्यात या वाचनपद्धतीची ताकद आणि धोके दोन्ही नोंदवले आहेत.

माझं उत्तर नानांकडे पाहून आहे. पश्चात्ताप त्या खोलीत झाला. ‘माझ्याकडेच’ ही पापकबुली होती, फरक इतकाच की तिला रक्कम होती. लूक १९ मधला जकातदार जक्कय असाच बोलतो, फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणतो, आणि येशू म्हणतो आज या घराला तारण मिळालं. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात नवा करार शिकवलेले जेज्वीट अभ्यासक जॉर्ज सोआरेस-प्रभू यांनी बायबलमधल्या गरिबांना एक सामाजिक वर्ग म्हणून कसं वाचावं यावर लिहिलं आहे. त्यातून मी एवढं घेतलं आहे की बायबलमधला गरीब ही मनाची नम्र अवस्था नुसती नसते. त्याला कोणीतरी गरीब केलेलं असतं.

पुढे काय झालं

नानांनी पतसंस्थेतून उचल घेऊन टोळीचे अर्धे पैसे त्या आठवड्यात दिले, मुकादमाच्या हातात न देता थेट बायांच्या हातात. मुकादम बिथरला, दोन दिवस टोळी बागेत आली नाही. उरलेले पैसे खुडणी संपताना मिळाले. व्यापाऱ्याविरुद्धच्या तक्रारीचे कागद सिस्टर आणि सातपूरच्या तरुणाने तयार करून दिले. त्यातून नानांच्या हाती अजून काही आलेलं नाही. पुढच्या ऑक्टोबर छाटणीला नानांनी एकरी दर कागदावर लिहून दिला आणि हिशेब दर शनिवारी ठरवला. टोळीतल्या सगळ्या बाया परत आल्या नाहीत. काही पिंपळगावकडे गेल्या, तिथे दर जास्त होता. नानांना त्याचं वाईट वाटलं, पण तो त्यांचा हक्क होता.

ताई त्या हंगामातही सभेला आल्या. आता सगळेच सतरंजीवर बसतात. गुडघ्यांमुळे गुरुजींना तेवढी खुर्ची आहे. निर्गमाचं पुस्तक वाचायचं ठरलं. मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाचा हा जीव की प्राण असलेला ग्रंथ: देव गुलामांचा आक्रोश ऐकतो आणि त्यांना बाहेर काढतो. ताईंच्या नात्यातले लोक मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत लाल झेंडे घेऊन चालत गेलेल्या शेतकऱ्यांत होते, त्यामुळे मिसरातून निघणं त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचं बोट पुढे यहोशवाच्या चोविसाव्या अध्यायावर थांबलं. तिथे देव इस्राएलाला आठवण देतो की जे द्राक्षमळे तुम्ही लावले नाहीत त्यांचं फळ तुम्ही खाता आहात.

“ज्यांनी लावले त्यांचं काय झालं?” ताईंनी विचारलं. “ते डोंगरातले होते का?”

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या ओसेज आदिवासी समाजाचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी मुक्तीवाद्यांना हाच प्रश्न केला होता: आम्ही ही कथा वाचतो तेव्हा आम्ही कनानी असतो, म्हणजे ज्यांची भूमी इस्राएलाने घेतली ते. त्याला सोपं उत्तर नाही, आणि सभेत मी देण्याचा प्रयत्नही केला नाही. त्या बुधवारी ठरलं की निर्गम सोडायचा नाही, पण यहोशवाही टाळायचा नाही, आणि त्यानंतर १ राजे २१ घ्यायचा, म्हणजे नाबोथाचा मळा. तो अध्याय नाना चालवणार आहेत. ताईंनी आधीच सांगून ठेवलं आहे की तारीख विरळणीच्या आधीची ठेवा, नाहीतर त्यांना यायला जमणार नाही.